पुलावरची गर्दी: हृदयाचं ऑपरेशन आणि रक्तातली अमिनो आम्लं

काकांच्या बायपासनंतर चौथ्या दिवशी माझा चुलतभाऊ हॉस्पिटलात एक काळा डबा घेऊन आला. आत पांढरी पावडर, बाहेर फुगलेल्या दंडाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ‘ग्लूटामाईन’. रोज जिमला जाणारा मुलगा. त्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्तातलं ग्लूटामाईन घसरतं. “घसरलंय ना, मग भरून काढायचं. त्यात काय एवढं?” राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी डबा हातात घेतला, फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, “सध्या नको” म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

काकू माझ्याकडे बघायला लागली. घरात बायोकेमिस्ट्री शिकलेली मी एकटीच. “का गं नको? कमी झालंय तर द्यायला काय हरकत आहे?”

तिचा प्रश्न रास्त होता. हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या, डी व्हिटॅमिन कमी आलं की आठवड्याची पुडी, ही आपल्या सगळ्यांची सवय. रिपोर्टात आकड्यापुढे खाली जाणारा बाण दिसला की हात आपोआप औषधाच्या दुकानाकडे वळतो. पण अमिनो आम्लांच्या बाबतीत हा हिशेब फसतो, आणि तो का फसतो हे काकूला सांगताना कॅंटीनमधले तीन दिवसांचे चहा संपले.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले सुटे मणी. मणी वीस प्रकारचे. त्यांतले नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. इथवर शाळेत झालेलं असतं. पण हे मणी रक्तात सुटे असे किती असतात? सगळे प्रकार मिळून एका लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, साधारण तीन मिलिमोल (मोल हे रेणू मोजायचं माप). मोठ्या माणसाच्या अंगात प्लाझ्मा तीनेक लिटर. गुणाकार करून वजनात आणलं तर भरतात जेमतेम एक-सव्वा ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढे! आणि अंगातली एकूण प्रथिनं दहा किलोच्या आसपास. तीही नुसती पडून राहत नाहीत. रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडतात आणि जवळपास तेवढीच पुन्हा बांधली जातात. एवढी ये-जा त्या चिमूटभर साठ्यातून चाललेली असते.

दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊची वेळ. कोणी वरून फोटो काढला आणि त्यात दोनशे डोकी मोजली, तर त्यावरून मुंबईची लोकसंख्या कळेल का? गर्दी वाढली म्हणजे गाड्या जास्त आल्या असतील, किंवा गाड्या नेहमीइतक्याच आल्या पण पलीकडचा जिना दुरुस्तीसाठी बंद असेल. गर्दी कमी झाली म्हणजे गाड्या रखडल्या असतील, किंवा लोक भराभर उतरून कामाला लागले असतील. आकडा एकच, कारणं अगदी उलट. रक्तातल्या अमिनो आम्लाची पातळी हा त्या पुलाचा फोटो आहे. तो गोदामातला माल सांगत नाही.

पुलावरून जातं तरी कोण? सगळ्यांत मोठा घोळका ग्लूटामाईनचा. लिटरमागे ५०० ते ७०० मायक्रोमोल (मिलिमोलचा हजारावा भाग), म्हणजे रक्तातल्या सुट्या अमिनो आम्लांत पहिला नंबर. पण त्याचं खरं घर स्नायू. स्नायूंच्या आत त्याचं प्रमाण रक्ताच्या जवळपास तीसपट असतं. तिथून ते बाहेर पडतं, आतड्याच्या पेशी ते खातात, पांढऱ्या पेशी खातात, किडनी घेते. दुसरा प्रवासी ॲलनीन. स्नायूंमध्ये प्रथिनं जळतात तेव्हा नायट्रोजन उरतो, आणि तो अमोनियाच्या रूपात मोकळा सोडणं विषारी. म्हणून स्नायू तो ॲलनीनच्या पाठीवर लादून लिव्हरकडे पाठवतो. लिव्हर नायट्रोजनचा युरिया करतं आणि उरलेल्या सांगाड्याची साखर. आतडं ग्लूटामाईन खाऊन सिट्रुलीन बाहेर टाकतं, किडनी त्या सिट्रुलीनचं आर्जिनीन करते, आणि आर्जिनीनपासून रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू बनतो. एका अवयवाचा केर दुसऱ्याचा कच्चा माल. चाळीतल्या चार बिऱ्हाडांचं एकमेकांशी साखर-विरजण चालतं, तसंच काहीसं.

आता या चाळीत ऑपरेशन येतं.

आदल्या रात्रीपासून पोट रिकामं. जेवण नाही म्हणून इन्सुलिन खाली, आणि इन्सुलिन खाली गेलं की ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन हे तिघे रक्तात थोडे वर चढतात. भूल देण्याआधी घेतलेला ‘नॉर्मल’ नमुनासुद्धा असा उपाशी माणसाचा असतो.

मग पंप. हार्ट-लंग मशीनला ऑपरेशन थिएटरमधले लोक नुसतं ‘पंप’च म्हणतात. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी त्याच्या आधारावर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातल्या पडद्याचं छिद्र बुजवण्याचं. आजही मूळ कल्पना तीच: शरीरातलं रक्त नळ्यांतून बाहेर काढायचं, त्याला प्राणवायू द्यायचा आणि परत सोडायचं, म्हणजे हृदय थांबवून त्यावर टाके घालता येतात. पण त्या नळ्या कोरड्या ठेवून कसं चालेल? हवेचा बुडबुडा आत गेला तर संपलंच. म्हणून परफ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारा तंत्रज्ञ, आधी त्यांत लिटर-सव्वा लिटर सलाईनसारखा द्रव भरून ठेवतो.

समजा साठ किलोचा माणूस आहे. रक्त चार लिटरपेक्षा थोडं जास्त, त्यात प्लाझ्मा अडीच लिटर. वर सव्वा लिटर पाणी. कागदावर बघितलं तर पंप सुरू झाल्याच्या काही मिनिटांत प्लाझ्मातल्या प्रत्येक गोष्टीचं प्रमाण एक तृतीयांशाने उतरायला हवं. आमटीत पाणी ओतलं की ती आळणी लागते; मीठ कुठे गेलेलं नसतं. प्रत्यक्षात पेशींमधून थोडे मणी बाहेर येऊन ही घट अंशतः भरून काढतात. तरी पंपावरचा आकडा वाचताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) किती होतं हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. माझ्या मते लोकांनी ऐकलेल्या ‘ऑपरेशनमध्ये अमिनो आम्लं घसरतात’ या वाक्यातला बराच भाग हा आमटीतल्या पाण्याचा आहे.

थिएटरमधली सगळ्यांत चमत्कारिक उडी मात्र उलट्या दिशेची. हृदय थांबवायला त्यात थंड द्रव सोडतात, त्याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्याचे प्रकार बरेच. त्यांतला एक ब्रेटश्नायडर यांचा. हे जर्मनीतल्या गटिंगनचे. त्यांच्या द्रवात लिटरमागे जवळपास २०० मिलिमोल हिस्टिडीन असतं. हिस्टिडीन म्हणजे त्या नऊ अत्यावश्यक मण्यांपैकी एक. हृदयाला खायला घालावं असा इथे हेतू नाही. रक्त बंद झालेल्या स्नायूत आम्ल साचतं, आणि हिस्टिडीनच्या रेणूला आम्ल टिपून घ्यायची सोय आहे, स्पंजासारखी. म्हणून ते एवढं ओततात.

एवढं म्हणजे किती? दीड लिटर द्रव दिला तर सुमारे ४६ ग्रॅम हिस्टिडीन. माणसाची रोजची गरज किलोमागे दहा मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम. अडीच महिन्यांचं हिस्टिडीन तासाभरात! हा सगळा द्रव रक्तात जाऊ दिला तर ज्या हिस्टिडीनचा आकडा एरवी लिटरमागे ८० मायक्रोमोलच्या आसपास रेंगाळतो, तो शेकडो पटींनी वर जातो. मग किडनी त्यातलं बरंच लघवीवाटे फेकते. उरलेलं लिव्हर मोडतं, त्यातून ग्लूटामेट हे दुसरं अमिनो आम्ल निघतं, नायट्रोजनचा युरिया होतो. म्हणजे रुग्ण अन्नाचा कणही खाल्ल्याशिवाय दुसऱ्या दिवशी युरिया आणि ग्लूटामेट वर दाखवू शकतो. ज्याला कुठला द्रव वापरला हे माहीत नाही तो डोकं खाजवत बसेल. डेल निडो नावाचा दुसरा एक द्रव आहे, त्यात अमिनो आम्ल अजिबात नसतं. तेच ऑपरेशन, तोच रुग्ण, पण बाटली बदलली की रिपोर्ट बदलला.

हृदय स्वतः काय करतं? १९७६ साली अमेरिकेतल्या एका गटाने हृदयात जाणारं आणि हृदयातून बाहेर पडणारं रक्त तपासून दाखवलं की ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतं त्यांचं हृदय रक्तातून ग्लूटामेट जास्त ओढतं आणि ॲलनीन जास्त सोडतं. मग सलाईनमधून ग्लूटामेटच द्यावं, हा विचार ओघानेच आला. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी तो नेटाने तपासला. २०१२ साली छापून आलेल्या चाचणीत ८६१ बायपास रुग्ण होते. मुख्य प्रश्नाचं उत्तर: फरक नाही. २०२२ मधल्या दुसऱ्या चाचणीतही मुख्य उत्तर तेच. हृदय ग्लूटामेट ओढतं हे खरं, पण म्हणून वरून ओतल्याने हृदयाचं भलं होतं असं सिद्ध झालं नाही. काकूला इथेच अर्धं उत्तर मिळालं होतं, पण तिला ग्लूटामाईनच हवं होतं.

ऑपरेशन संपतं, छाती तारेने शिवतात, माणूस आयसीयूत येतो. खरी उलथापालथ इथून पुढे.

ती पहिल्यांदा नीट मोजली ती हृदयाच्या रुग्णांत नाहीच. १९३० च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन पायाचं हाड मोडून आलेल्यांची लघवी तपासत होते. खाण्यातून जेवढा नायट्रोजन आत जात होता त्यापेक्षा बाहेर जास्त पडत होता, आणि नुसत्या मोडलेल्या जागेचा स्नायू झिजला म्हणावं तर हिशेब जुळेना. म्हणजे धडधाकट पायाचा, दंडाचा, पाठीचा स्नायूही मोडत होता. १९४२ मध्ये त्यांनी या काळाचे दोन भाग पाडले: आधी ओहोटी, मग भरती. ओहोटीत शरीर गारठतं, सगळं मंद होतं. एखाद्या दिवसाने भरती येते, ताप, धडधड, साखर वर. आणि स्नायूंची मोडतोडही भरात. बायपासनंतरच्या पहिल्या आठवड्यात हेच घडतं. छाती उघडणं हा शरीराच्या लेखी मोठा अपघातच. तो मुद्दाम आणि काळजीपूर्वक केलाय हे स्नायूला कोण सांगणार?

मागणी येते लिव्हरकडून. सूज आणि जखमेची बातमी मिळाली की लिव्हर नेहमीचं अल्ब्युमिन बाजूला ठेवून सीआरपी, फायब्रिनोजेन अशी संकटकाळची प्रथिनं बनवायला घेतं. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो. याला मणी लागतात, ते येतात स्नायूंतून. इथे एक मेख आहे, १९९४ मध्ये तर्क म्हणून मांडली गेलेली. सीआरपीसारख्या प्रथिनांत फेनिलॲलनीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन या मण्यांचं प्रमाण स्नायूच्या प्रथिनांपेक्षा बरंच जास्त असतं. लाल मणी हवेत म्हणून पाच माळा तोडायच्या, आणि लाल सोडून बाकीचे मणी उधळून द्यायचे, असा प्रकार. उधळलेल्यांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीत जातो. कथबर्टसन मोजत होते तो बहुधा हाच.

आता पुलाचे फोटो पाहू. ग्लूटामाईन खाली, कारण स्नायू ते जोरात सोडत असला तरी घेणारे त्याहून जोरात घेतायत. फेनिलॲलनीन वर, कारण स्नायूला ते जाळता येत नाही, जवळपास सगळी भिस्त लिव्हरवर. माळा तुटतायत, मणी साचतोय. सिट्रुलीन खाली, म्हणजे आतड्याने पंपावरच्या काळात थोडा मार खाल्लाय. आर्जिनीन खाली, याचं कारण मला फार आवडतं. पंपाच्या नळ्यांत काही तांबड्या पेशी फुटतात. कधीकधी लघवीच्या पिशवीला लालसर झाक येते ती त्यामुळेच. फुटलेल्या पेशीतून आर्जिनेज हे एन्झाइम सांडतं आणि ते रक्तातलं आर्जिनीन कापत सुटतं. वर मोकळं झालेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळतं. कच्चा मालही गेला आणि तयार मालही. जन्मजात दोष असलेल्या लहान मुलांच्या ऑपरेशनांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाण्याची भीती असते, म्हणून तिथले संशोधक सिट्रुलीन आणि आर्जिनीनच्या मागे बरीच वर्षं लागलेत.

आणखी एक आहे, ३-मिथिलहिस्टिडीन. हे स्नायूच्या ॲक्टिन-मायोसिनमध्येच तयार होतं आणि एकदा सुटलं की पुन्हा कुठल्याच माळेत ओवता येत नाही, लघवीतून निघून जातं. तुटलेल्या स्नायूची पावतीच म्हणा. फक्त तपासणीआधी काही दिवस मटण-चिकन बंद ठेवावं लागतं, नाहीतर पावती कोंबडीच्या नावावर निघते.

हे आकडे काढणंही सोपं काम नाही. शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत निनहायड्रिन असायचं. अमिनो आम्लाला लागलं की गर्द जांभळं होतं, आणि हातमोजे न घालता काम केलं की बोटं. माणसाच्या घामात अमिनो आम्लं असतात ना! चार दिवस धुऊन जायचं नाही. वरणभात कालवताना माझ्या जांभळ्या बोटांकडे आजी संशयाने बघायची. याच जांभळ्या रंगाच्या भरवशावर स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये अमिनो आम्लं वेगळी करून मोजायची पद्धत बसवली, १९५८ मध्ये तिचं यंत्र झालं, आणि १९७२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. आज मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, काही मिनिटांत तेच करतो. पण यंत्र कितीही भारी असो, नमुना नीट हवा. रक्ताची नळी बर्फात ठेवली नाही, प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, की ग्लूटामाईनचं नळीतल्या नळीतच ग्लूटामेट व्हायला लागतं. सुई टोचताना पेशी फुटल्या तर आर्जिनीन कमी आणि ते कापल्यावर उरणारं ऑर्निथीन जास्त, तेही रुग्णाच्या अंगात काही न घडता. वॉर्डबॉय नळी घेऊन निघाला आणि लिफ्टसमोर गप्पांत रमला तर ‘ग्लूटामाईन घसरलं’ हा शोध तिथेच लागू शकतो.

समजा नमुना नीट, पाण्याचा हिशेब झाला, द्रवाची बाटली माहीत आहे, आणि तरीही ग्लूटामाईन कमी. मग द्यायचं का?

हा प्रश्न सोडवायला आयसीयूवाल्यांना खूप वर्षं लागली. २००१ साली हॉलंडमधून एक अभ्यास आला: आयसीयूत आल्या आल्या ज्यांचं ग्लूटामाईन कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. सगळ्यांना वाटलं, मिळाली किल्ली. ग्लूटामाईन ‘परिस्थितीनुसार अत्यावश्यक’ ठरलं, सलाईनमधून सुरू झालं, छोट्या चाचण्यांमध्ये आशाही दिसली. मग कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. कृत्रिम श्वासावर असलेले, एकाहून जास्त अवयव कोलमडलेले १,२२३ रुग्ण. अर्ध्यांना भरपूर ग्लूटामाईन, अर्ध्यांना नाही. २०१३ मध्ये निकाल छापून आला. २८ दिवसांतले मृत्यू: ग्लूटामाईन मिळालेल्यांत ३२.४ टक्के, न मिळालेल्यांत २७.२ टक्के. सहा महिन्यांनी पाहिलं तरी ग्लूटामाईनवालेच मागे. भरून काढायला गेले आणि माणसं जास्त दगावली.

गंमत म्हणजे, त्या चाचणीत ज्यांचं रक्त आधी तपासलं होतं त्यांतल्या बहुतेकांचं ग्लूटामाईन मुळात कमी नव्हतंच. रेल्वे बंद पडली म्हणून पूल ओस पडला असेल, तर पुलावर माणसं आणून उभी केल्याने गाड्या सुरू होत नाहीत. कमी ग्लूटामाईन हे माणूस किती आजारी आहे याचं लक्षण होतं. चाचणीतले रुग्ण काकांपेक्षा कितीतरी गंभीर होते, हे मान्य. पण “हरकत काय?” या प्रश्नाला आता उत्तर होतं.

आणि डब्यावर लिहिलं होतं, एका चमच्यात पाच ग्रॅम. शरीर स्वतःच रोज ४० ते ८० ग्रॅम ग्लूटामाईन बनवतं असा अंदाज आहे. वर तोंडाने घेतलेल्यातलं बरंचसं आतडं आणि लिव्हर वाटेतच संपवतात. म्हणजे काकांच्या रक्तापर्यंत पोचणार चमच्याच्या तळाचं. चुलतभावाने हे ऐकून डबा उलटा केला, किंमत बघितली आणि काही बोलला नाही.

इथवर ऐकून काकूचा निष्कर्ष तयार होता, सलाईनमधली अमिनो आम्लं म्हणजे फसवणूक. तेवढ्यात मला तिला उलटी गोष्ट सांगावी लागली.

२०२४ च्या जूनमध्ये इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने केलेल्या चाचणीचा निकाल आला. तीन देश, २२ केंद्रं, पंपावर ऑपरेशन होणारे ३,५११ रुग्ण. निम्म्यांना थिएटरमध्ये आल्यापासून जास्तीत जास्त तीन दिवस अमिनो आम्लांचं मिश्रण शिरेतून, किलोमागे दिवसाला दोन ग्रॅम, पण शंभर ग्रॅमच्या वर नाही. निम्म्यांना साधं रिंगर, म्हणजे क्षारांचं सलाईन. पाहायचं होतं किडनीचं काय होतं ते, कारण हृदयाच्या ऑपरेशननंतर किडनीला धक्का बसणं ही नेहमीची डोकेदुखी. अमिनो आम्लं मिळालेल्यांत हा धक्का २६.९ टक्क्यांना बसला, रिंगरवाल्यांत ३१.७ टक्क्यांना. सगळ्यांत गंभीर पायरीवर गेलेले १.६ टक्के विरुद्ध ३ टक्के. म्हणजे एकवीस जणांना दिलं तर एकाचा धक्का टळला.

हे का चाललं आणि ते का नाही? कारण इथे कोणी कमतरता भरत नव्हतं. प्रथिनांचं जेवण झालं की किडनीत शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त जास्त येतं, गाळण वाढते. घरात पाहुणे येणार म्हणून आपण जास्तीची शेगडी पेटवतो, तशी किडनीकडे राखीव शेगडी असते. अमिनो आम्लांच्या धारेने ती पेटते, नेमकी त्या वेळी जेव्हा पंपामुळे किडनीला रक्त कमी पडण्याचा धोका असतो. जिथे एका वेळी एक-सव्वा ग्रॅम असतो, त्या पुलावरून दिवसाला जास्तीचे शंभर ग्रॅम पाठवले, आणि पुलापलीकडच्या दुकानदाराने गर्दी बघून शटर वर केलं.

मला यात एक खटकतं, तेही सांगते. किडनीला धक्का बसला की नाही हे मुख्यतः क्रिएटिनीनवरून, म्हणजे किडनी गाळून टाकते त्या रक्तातल्या एका टाकाऊ पदार्थावरून ठरतं, आणि गाळण वाढली की क्रिएटिनीन तसंही खाली राहतं. मग किडनी वाचली की आकडा सुधारला? गंभीर पायरीतला फरक बघता मला वाटतं, काहीतरी खरंच वाचलं. पण मृत्यूंत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि डायलिसिस लागलेल्यांत होता तो निर्णायक म्हणता येईल असा नव्हता. शिवाय २०२३ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या साधारण १,३०० रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त, किलोमागे २.२ ग्रॅम प्रथिनं देऊन पाहिली तेव्हा फायदा झाला नाही, आणि ज्यांच्या किडन्या आधीच दुखावलेल्या होत्या त्यांचं नुकसान झालं असावं अशी चिन्हं दिसली. धक्का बसण्याआधी शेगडी पेटवणं वेगळं, विझलेल्या शेगडीवर पातेलं चढवणं वेगळं.

“मग यांना काय देऊ?” काकूने विचारलं. तिच्या सगळ्या प्रश्नांतला हाच कामाचा होता.

काका बासष्ट किलोचे. धडधाकट माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे काकांना एरवी ५१ ग्रॅम. मोठ्या ऑपरेशननंतर किलोमागे १.२ ते १.५, म्हणजे ७४ ते ९३ ग्रॅम. आणि काकांच्या पोटात जात काय होतं? सकाळी चहा-बिस्किट, अकराला शहाळ्याचं पाणी, दुपारी मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी, संध्याकाळी आत्याने प्रेमाने आणलेली साबुदाण्याची खिचडी. मी कागदावर बेरीज केली. दाण्याच्या कुटासकट पंचवीसच्या पुढे जाईना. आजारी माणसाला हलकं द्यावं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं, आणि हलकं म्हणजे आपल्याकडे पिठूळ.

आहारतज्ज्ञ बाईंनी काकांची क्रिएटिनीन बघून हो म्हटल्यावर बदल सुरू झाला. किडनी आधीच नाजूक असलेल्यांना हे विचारल्याशिवाय करू नये. वरणाचं पाणी गेलं, घट्ट वरण आलं, वाटीला सहा-सात ग्रॅम. एका अंड्यात सहा. कपभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. भातात लायसीन कमी आणि डाळीत मेथिओनीन कमी, म्हणून वरणभात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरा भरतो; आपल्या पणज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, ताट मात्र बरोबर लागत होतं. “शनिवारी अंडं नको,” काका म्हणाले. शनिवारी पनीर ठरलं.

पण खाल्लेले मणी पुन्हा माळेत ओवले जायला स्नायूला काम लागतं. लंडनमध्ये गंभीर आजारी रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला होता, दहा दिवसांत त्याचा आडवा छेद सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसला. काकांची गत तेवढी वाईट नव्हती, तरी सहाव्या दिवशी पायजम्याची नाडी नेहमीपेक्षा चार बोटं जास्त ओढावी लागली, आणि खुर्चीतून उठताना हात आपोआप दांड्यांकडे गेले. छातीच्या हाडाला ताण नको म्हणून फिजिओथेरपिस्टने हातांचा आधार बंद केला होता. पायांवरच उठायचं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं.

घरी आल्यावर काकूने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या चौकटीत दोन आकडे लिहायला सुरुवात केली. वर प्रथिनांचे ग्रॅम, खाली गॅलरीतल्या फेऱ्या. पहिल्या चौकटीत ४८ आणि ४. परवा गेले तेव्हा ७९ आणि २२ होते, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘खुर्ची दहा वेळा, हात न लावता’. काळा डबा चुलतभावाने परत नेला. त्यातली पावडर आता त्याच्याच दुधात पडते.